लॅमिंग्टन रोडवर आता कुणी प्रोसेसर विचारत नाही

ग्रँटरोडकर

२००१ ते २०१४ मी लॅमिंग्टन रोडवर, मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात, असेंबलिंगच्या (सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवायच्या) दुकानात काउंटरला होतो. दुकान मामांचं, पण गिऱ्हाईक माझ्याशीच बोलायचं. आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "प्रोसेसर कुठला टाकताय?" म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं असलेली मुख्य चिप कुठली. कॅबिनेट, मॉनिटर, हार्ड डिस्क सगळं त्यानंतर. डोंबिवलीहून मुलाला घेऊन आलेले वडील असोत की फोर्टातल्या सीए ऑफिसचा माणूस असो, इंटेलचा पी-फोर (पेंटियम ४) घ्यायचा, इंटेलच्याच स्वस्त सेलेरॉनवर भागवायचं की एएमडी या दुसऱ्या कंपनीचा घेऊन थोडे पैसे वाचवायचे, यात अर्धा तास सहज जायचा. बॉक्स पीस (कंपनीच्या खोक्यातला) की ट्रे पीस (सुटा) हा वाद वेगळा.

मग प्रोसेसर बसवायचा. त्या वेळच्या पी-फोरला ४७८ पिना असायच्या, प्रोसेसरच्याच पोटाला. सॉकेटची दांडी उचलायची, कोपऱ्यातली खूण जुळवायची आणि प्रोसेसर नुसता ठेवायचा. दाबायचा नाही, आपल्या वजनाने तो आत बसला पाहिजे. नाही बसला तर कुठलीतरी पिन वाकलेली. मग ट्यूबलाइटखाली आडवा धरून, शिसं काढलेल्या पेन्सिलच्या बारीक नळीने ती पिन सरळ करायची, श्वास रोखून. वर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यावर उष्णता ओढून घेणारा हीटसिंक, त्यावर पंखा. गिऱ्हाईक काउंटरवर वाकून हे सगळं बघायचं. आपण पैसे कशाचे मोजले ते त्याला दिसायचं.

२०१०च्या पुढेमागे हा प्रश्न विरळ होत गेला. आम्हाला वाटलं मंदी आहे. पण स्टेशनवर उतरलं की दिसायचं काय? ज्यांनी आयुष्यात कधी कॉम्प्युटर घेतला नसता ती माणसं आता घेत होती. आमच्या इमारतीत दूध टाकणाऱ्या मुलाकडे होता, भाजीवाल्या मावशींकडे होता. फक्त तो आमच्या दुकानातून घेतलेला नव्हता आणि त्याच्या आत इंटेल नव्हतं. फोनच्या आत कुठली चिप आहे हे त्यांना माहीतही नव्हतं आणि माहीत करून घ्यायची गरजही नव्हती.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत आलोय. १९८१च्या आयबीएम पीसीपासून इंटेलची जी मक्तेदारी बसली ती हलवली कुणी, तर केंब्रिजजवळच्या एका गावात १९९० साली कोठारातून काम सुरू केलेल्या बारा इंजिनिअरांच्या कंपनीने. आर्म. ही कंपनी स्वतः एकही चिप बनवून विकत नव्हती. चिपचा नकाशा भाड्याने द्यायची. ज्याला हवा त्याने घ्यावा, आपली चिप बनवावी, दर नगामागे थोडी रॉयल्टी द्यावी.

मला सगळ्यात जास्त लागते ती पुढची गोष्ट. इंटेलकडे आर्मची चिप होती! डीईसी या कंपनीकडून स्ट्राँगआर्म त्यांच्याकडे आलं, त्याचं पुढे एक्सस्केल झालं. जून २००६ मध्ये इंटेलने तो धंदा मार्व्हेल या चिप कंपनीला ६० कोटी डॉलरला विकायचं जाहीर केलं. आयफोन जाहीर झाला जानेवारी २००७ मध्ये. मध्ये फक्त सात महिने.

हातातली वस्तू अशी का सोडली? इथे चिपच्या धंद्यातली आणि हिशेबातली माणसं आहेत म्हणून धागा काढतोय. मनापासून समजून घ्यायचंय.

दहिसर_फास्ट

दादा, पिन सरळ करायचं वर्णन वाचून २००३ची दिवाळी आठवली. आमचं मशिन तिथूनच आणलं होतं, टॅक्सीत मॉनिटर मांडीवर घेऊन.

एक भर घालतो. त्याच वर्षी रिलायन्सची ५०१ रुपयांत मोबाइल द्यायची 'मान्सून हंगामा' योजना आली होती. त्यातलं सीडीएमए हे मोबाइल नेटवर्कचं तंत्र क्वालकॉम या अमेरिकी चिप कंपनीचं. म्हणजे तुमच्या काउंटरवर पी-फोर की सेलेरॉन चाललेलं असताना पुढचा गडी मुंबईत घरोघरी पोचलेला होता. आपल्याला तो 'फोनवाला' वाटत होता, कॉम्प्युटरवाला नाही.

वेफर

मी अठरा वर्षं चिप डिझाइनमध्ये आहे. बारा बंगळुरात काढली, आता पवईहून काम करते. धागा वाचून राहवलं नाही.

"आर्म साधं, इंटेल गुंतागुंतीचं, म्हणून आर्म जिंकलं" असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. इंटेलच्या एक्स८६ या चिपच्या भाषेत एक सूचना (चिपला दिलेला एक हुकूम) १ बाइटपासून १५ बाइटपर्यंत कितीही लांब असू शकते. मूळ आर्ममध्ये ती ठरीव ४ बाइटची. त्यामुळे एक सूचना कुठे संपली आणि पुढची कुठे सुरू झाली हे शोधायला इंटेलला जादा सर्किट लागतं आणि ते वीज खातं. पण मोठ्या चिपच्या एकूण विजेत हा खर्च फार नाही. एवढ्यावरून कुणी साम्राज्य गमावत नाही.

खरा फरक चिप कुणासाठी बनली यात आहे. पीसीची चिप भिंतीतल्या प्लगवर वाढली. आधी वेग, मग जी उष्णता होईल ती पंख्याने बाहेर. २००४ पर्यंत पी-फोर शंभर वॅटच्या घरात गेला होता, आणि त्याच वर्षी इंटेलने त्याची पुढची आवृत्ती उष्णतेपायीच रद्द केली. फोनला पंखा नसतो. त्याच्या अंगातून जेमतेम तीन-चार वॅटची ऊब बाहेर पडू शकते, तीही आपल्या तळहातात. शिवाय फोन दिवसातला बहुतेक वेळ खिशात पडून असतो, तरी कॉल आला तर वाजला पाहिजे. म्हणजे धावताना किती वीज लागते याइतकंच झोपेत किती लागते याला महत्त्व. पीसीवाल्यांनी झोपेचा विचार कधी मनापासून केलाच नव्हता.

आर्मचा जन्मच काटकसरीत झाला. एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी ही चिप केली. सिरॅमिकचं आवरण महाग, प्लॅस्टिकचं स्वस्त, पण प्लॅस्टिकमध्ये भरायची तर चिप फार तापून चालणार नव्हती. म्हणून एका वॅटच्या आत राहायचं ठरलं. २६ एप्रिल १९८५ला पहिली चिप हातात आली. विजेचं माप घ्यायला मीटर लावला तर काटा शून्यावर, आणि चिप तर व्यवस्थित चालतेय! शोधल्यावर कळलं की बोर्डातला वीजपुरवठा चिपला जोडलेलाच नव्हता. इतर पिनांमधून झिरपणाऱ्या विजेवर ती चालली होती. हा किस्सा मी प्रत्येक नव्या ट्रेनीला सांगते.

दुसरा मुद्दा मोडेमचा, म्हणजे फोनला नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाचा. फोनमध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स, कॅमेऱ्याचं काम, मोडेम सगळं एकाच सिलिकॉनवर येत गेलं. क्वालकॉम मुळात मोडेमवाली, तिने मोडेमशेजारी प्रोसेसर बसवला. इंटेलने मोडेमसाठी इन्फिनिऑनचा वायरलेस विभाग १४० कोटी डॉलरला घेतला, पण ते मोडेम तैवानच्या टीएसएमसीच्या कारखान्यात बनत होते आणि प्रोसेसर इंटेलच्या स्वतःच्या. दोन कारखान्यांची कृती वेगळी, एका चिपवर आणायचं म्हणजे सगळं नव्याने मांडणं. यात वर्षं गेली.

हिशेबनीस

वेफरताईंनी तंत्र सांगितलं, मी कॉस्टिंगवाला आहे, मी पैशाचं सांगतो. ग्रँटरोडकर, "हातातलं का सोडलं" याचं उत्तर मला वहीत दिसतं.

फॅब (चिपचा कारखाना) म्हणजे हजारो कोटींचा खड्डा. तो चोवीस तास भरलेला ठेवावा लागतो. एका वेफरवर (चिपा ज्यातून कापून काढतात ती सिलिकॉनची चकती) सर्व्हरच्या चिपा काढल्या तर एकेक शेकडो डॉलरला जाते. त्याच वेफरवर फोनच्या चिपा काढल्या तर दहा-वीस डॉलरला. इंटेलचा ढोबळ नफा साठ टक्क्यांच्या आसपास असायचा. अशा कंपनीत बैठकीत कुणी उठून म्हणालं की फोनच्या चिपा करूया, तर समोरचा कागद त्याला गप्प बसवतो. देवगडच्या बागायतदाराला सांगून बघा की हापूसची कलमं काढ आणि भेंडी लाव, भेंडी रोज खपते. तो वेडा नाही म्हणूनच नाही म्हणेल. आणि त्या वर्षीच्या हिशेबात त्याचं बरोबरच असेल.

इंटेलचे तेव्हाचे प्रमुख पॉल ओटेलिनी यांनी २०१३ मध्ये पद सोडताना मुलाखतीत हे मोकळेपणाने सांगितलं. आयफोनसाठी अॅपल जी किंमत द्यायला तयार होतं ती इंटेलच्या अंदाजी खर्चापेक्षा कमी होती, म्हणून ते काम घेतलं नाही. पुढे खर्चाचा अंदाजही चुकला आणि नगांचा तर शंभर पटींनी चुकला. मन होय म्हणत होतं, असंही ते म्हणाले. मला या माणसाबद्दल आदर वाटतो. किती प्रमुख असं बोलतात?

चूक होती ती नगांच्या अंदाजाची. पीसी घरटी एक. फोन माणशी एक, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा नवा. हा आकडा ज्याच्या कागदावर आला त्याला भेंडी परवडली.

नंतर उशिरा शिरायचं म्हणून इंटेलने काय केलं ते बघा. टॅब्लेटवाल्यांना आमची चिप वापरा म्हणून उलट पैसे दिले. २०१४ मध्ये त्यांच्या मोबाइल विभागाचं उत्पन्न २० कोटी डॉलर आणि तोटा ४२० कोटी डॉलर. आदल्या वर्षीचा तोटा ३१५ कोटी. एप्रिल २०१६ मध्ये त्यांनी फोनसाठीच्या चिपा बंद केल्या. त्याच महिन्यात बारा हजार नोकऱ्या कमी करायचंही जाहीर झालं. त्या बारा हजार घरांचा विचार आला की हा विषय मला नुसता रंजक वाटत नाही.

ग्रँटरोडकर

हिशेबनीस, भेंडीचं उदाहरण थेट घरात घुसलं. आमच्या मामांनी २००९ मध्ये नेमकं हेच केलं. एक मित्र म्हणाला, अर्धं काउंटर मोबाइलला द्या. मामा म्हणाले, एका मशिनमागे जे सुटतं ते सुटायला किती मोबाइल विकावे लागतील ते मोज. मी मोजलं. मामांचं बरोबर होतं. २००९ सालापुरतं.

इंटेलचा फोन मी हातात घेतलाय. एप्रिल २०१२ मध्ये लावाने झोलो एक्स९०० काढला, साधारण २२ हजारांना. इंटेलची चिप असलेला जगातला पहिला विक्रीला आलेला स्मार्टफोन, आणि तो आपल्या देशात आला. मी ओळखीच्याकडे मुद्दाम बघायला गेलो. मागे इंटेलची खूण होती. आमच्या शोकेसमध्ये इतकी वर्षं बघितलेली खूण फोनवर बघून मला खरंच भरून आलं. फोन चांगलाच होता. पण तोवर अँड्रॉइडवरचे गेम आणि जड अॅप आर्मसाठी लिहिले जात होते, इंटेलला मध्ये भाषांतराचा थर घालून ते चालवावे लागत. एके काळी सगळं सॉफ्टवेअर इंटेलसाठी लिहिलेलं म्हणून बाकीच्यांना शिरता येत नव्हतं. आता तीच भिंत उलट्या बाजूने उभी होती.

फोर्ट_कट्टा

मला थोडं वेगळं म्हणायचंय. इंटेल २०१६ ला बुडाली असं चित्र उभं राहतंय, ते बरोबर नाही. २०११ मध्ये विक्री ५,४०० कोटी डॉलर होती, २०२१ मध्ये ७,९०० कोटी. कशामुळे? फोनमुळेच! लोकलमध्ये बसून आपण जे काही बघतो ते कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवरून येतं आणि त्या काळात त्यातले बहुतेक इंटेलचे होते. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, त्यानंतर आपल्याकडे जो डेटा वाहायला लागला त्यामागेही सर्व्हर होतेच की. फोन गेला तरी फोनची सावली इंटेलला मिळाली.

आणि फक्त इंटेलच का? टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारखी मातब्बर कंपनी २०१२ मध्ये फोनच्या चिपांतून बाहेर पडली. एएमडीने जानेवारी २००९ मध्ये हातातल्या उपकरणांसाठीचा ग्राफिक्स विभाग क्वालकॉमला साडेसहा कोटी डॉलरला विकला. त्याचंच पुढे 'अॅड्रेनो' झालं. एएमडीच्या ग्राफिक्सचं नाव रेडिऑन, त्याची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की अॅड्रेनो. आज कितीतरी अँड्रॉइड फोनमध्ये ते आहे.

वेफर

फोर्ट_कट्टा, आकडे बरोबर आहेत, पण त्या सावलीनेच घात केला. सर्व्हरच्या पैशामुळे जखम दिसली नाही.

जखम कारखान्याच्या बाजूला होती. चिप बनवणं हे हात बसण्याचं काम आहे. जितके वेफर काढाल तितक्या चुका सापडतात, तितका पुढचा टप्पा लवकर जमतो. पूर्वी जगात सर्वांत जास्त आघाडीच्या चिपा इंटेल काढायची, म्हणून हातही त्यांचाच सर्वांत बसलेला. फोन आले आणि ती संख्या तैवानला गेली. टीएसएमसी १९८७ची, स्वतःच्या नावाची एकही चिप विकत नाही, फक्त दुसऱ्यांच्या बनवते. अॅपल, क्वालकॉम, मीडियाटेक सगळ्यांचं काम तिच्याकडे, आणि अॅपलला दर वर्षी नवा फोन काढायचा म्हणून दर वर्षी सुधारणा हवीच. २०१४ मध्ये इंटेलचं १४ नॅनोमीटरचं तंत्र (आकडा जितका लहान तितकं तंत्र पुढचं) आलं तेव्हा इंटेल पुढे होती. पुढचं १० नॅनोमीटर रखडत रखडत २०१९ला बाजारात पोचलं. तोवर टीएसएमसीचं ७ नॅनोमीटर फोनमध्ये येऊन वर्ष झालं होतं, आणि २०१९ मध्ये एएमडीने तेच घेऊन इंटेलला तिच्याच अंगणात, पीसी आणि सर्व्हरमध्ये गाठलं.

मग नोव्हेंबर २०२० मध्ये अॅपलचा एम१. फोनच्या चिपांवर दहा वर्षं बसलेला हात त्यांनी लॅपटॉपला लावला. ती मॅकबुक एअर मी पहिल्यांदा उघडली तेव्हा आवाजासाठी कान लावला. पंखाच नव्हता. ग्रँटरोडकर, तुमचा पंखा गेला तो तिथे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये डाऊ जोन्स या अमेरिकी शेअर निर्देशांकाच्या यादीतून इंटेल बाहेर गेली आणि एनव्हिडिया ही चिप कंपनी आत आली. मला त्या बातमीने समाधान वाटलं नाही. माझ्या क्षेत्रातली निम्मी माणसं इंटेलच्या पद्धती शिकत मोठी झालीयत.

भिंगवाला

नमस्कार. मी लिहिणारा माणूस नाही, वाचणारा आहे. ग्रँटरोडकर दादांना मी चेहऱ्याने ओळखतो. आमचं मोबाइल रिपेअरिंग तिथेच, वरच्या मजल्यावर, २०१५ पासून.

दादांनी प्रोसेसर बसवायचं लिहिलंय म्हणून आमचं सांगतो. फोनचा सीपीयू बसवत नाहीत, तो बोर्डाला चिकटूनच येतो. खाली पिना नसतात, कथलाच्या गोळ्या असतात, खसखशीपेक्षा बारीक, शेकड्याने. बऱ्याच सेटमध्ये सीपीयूच्या डोक्यावरच रॅम बसवलेली असते, दोन मजली. फोन पडला की गोळीला चीर जाते आणि सेट डेड. मग भिंगाखाली आधी कडेचा काळा गोंद कोरून काढायचा. तो गरम केला की मऊ होतो, पण जोर जास्त झाला तर खालची बोर्डाची टिकलीच निघून येते, मग बोर्ड गेला. हॉट एअरने वरचा मजला उचलायचा, मग खालचा. जुनं कथील वेणीने पुसायचं. स्टेन्सिल बरोबर जुळवून पेस्ट भरायची, गरम करायची, की सगळ्या गोळ्या एकदम चकाकतात. तो क्षण बघायला मिळावा म्हणून मी हे काम करतो असं म्हटलं तरी चालेल. मग फ्लक्स लावून जागेवर ठेवायचा आणि पुन्हा हवा. बरोबर बसला की सीपीयू स्वतःच थोडा सरकून जागा घेतो. दादांचा प्रोसेसर आपल्या वजनाने बसायचा, आमचा कथील ओढून घेतं.

गिऱ्हाईक विचारतं एवढंच: फोटो मिळतील ना? चिप कुठली ते कुणी विचारत नाही. २०१७च्या जिओफोनमध्ये कुणाकडे क्वालकॉम निघायची, कुणाकडे स्प्रेडट्रम. वापरणाऱ्याला दोन्ही सारखेच.

एक खंत आहे. पूर्वी मशिन जुनं झालं की तुमच्याकडे यायचे, रॅम वाढवा, प्रोसेसर बदला म्हणायचे. फोनमध्ये वाढवण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. चांगला चालणारा बोर्ड लोक टाकून देतात. माझ्या ड्रॉवरमध्ये शंभरेक पडलेत.

माटुंगा_लोकल

सगळ्यांना नमस्कार. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हा धागा दोनदा वाचला. आम्हाला ८०८६ अजून शिकवतात, १९७८ची चिप. आर्म एका युनिटमध्ये आटोपतं. वेफरताई, मग मी काय शिकू? आणि आर्मचाही उद्या इंटेल होईल का?

वेफर

८०८६ मन लावून शीक. अॅड्रेसिंग, इंटरप्ट, स्टॅक सगळं त्यात स्वच्छ दिसतं. त्याच्याबरोबर रिस्क-फाइव्ह बघ. आर्म नकाशा भाड्याने देतं, रिस्क-फाइव्हची सूचनांची भाषा सगळ्यांना मोकळी आहे, रॉयल्टी नाही. आयआयटी मद्रासची 'शक्ती' त्याच्यावर आहे. आणि तुझ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर पवईला आयआयटीत 'अजित' नावाचा प्रोसेसर झालाय. तो स्पार्क या जुन्या पद्धतीचा, मोहालीच्या सरकारी फॅबमध्ये १८० नॅनोमीटरवर काढलेला. फोनमध्ये चालायचा नाही, पण नकाशापासून वेफरपर्यंत सगळं इथे झालं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आर्मचं म्हणशील तर जिथे चिप स्वस्त आणि नग प्रचंड, तिथे रॉयल्टीचा पैसाही टोचतो. त्या कोपऱ्यांत रिस्क-फाइव्ह शिरलंय. यंत्रातल्या छोट्या कंट्रोलर चिपा बघत राहा.

हिशेबनीस

आणि कॉस्टिंगचं एक तरी पुस्तक वाच, बाळा. वेफरचा भाव कसा बसतो ते कळलं की वर्तमानपत्रातल्या बातम्या वेगळ्या दिसायला लागतील.

माटुंगा_लोकल

नक्की काका. भिंगवाला दादा, तो दोन मजली सीपीयू मला प्रत्यक्ष बघायला मिळेल का? कॉलेजात फक्त आकृती आहे.

भिंगवाला

ये की. रविवारी आमचं बंद असतं, शनिवारी दुपारी ये, तीननंतर गर्दी कमी असते. ड्रॉवरमधले बोर्ड आहेतच, एक तुझ्या हातानेच उघड. बिघडला तरी चालेल. ग्रँटरोडकर दादा, तुम्हीही या. पी-फोर एखादा उरला असेल तर घेऊन या, मुलाला दोन्ही शेजारी ठेवून दाखवू.

ग्रँटरोडकर

एक आहे. मामांच्या ड्रॉवरमधला, कोपऱ्यातली पिन वाकलेली. सरळ करायची राहून गेली होती. शनिवारी आणतो, तुमच्या भिंगाखाली करूया.